सेल्मोच्या पिस्तुलाचा चाप

१३ फेब्रुवारी, सोमवार

सेल्मोचं पिस्तूल आलं. सेल्मो आला नाही.

त्याची बहीण विरिंग, सगळ्यांची मानांग, म्हणजे ताई, घेऊन आली. नारळाच्या पानात शिजवलेल्या भाताच्या पुड्या विकायला ती रोज आमच्या दुकानाच्या दारावरूनच दानाओ गावच्या बाजारात जाते. आज टोपली खाली ठेवली आणि काखेतली पेटी माझ्यापुढे आदळली. "घे बाई. सेल्मोच्या क्लबचा माणूस जनरल सांतोस शहरातून घेऊन आला, कागद सगळे आत आहेत. चाप बिघडलाय म्हणतो. कळायच्या आत गोळी सुटते म्हणे. ईस्टरनंतर सेबूला नेमबाजीची स्पर्धा आहे, तोवर नीट कर."

"आणि तो स्वतः?" मी सहज विचारलं. म्हणजे मला वाटलं सहज.

"स्पर्धेला येईल ना. मी देईन त्याला."

"तू कशी देशील? आमच्याकडे बोट लावल्याशिवाय माल बाहेर जात नाही, माहीत आहे ना?"

"अगं, पिस्तूल न्यायचंय, मुलगी बघायची नाहीये!" असं म्हणून टोपली डोक्यावर घेऊन हसत निघून गेली.

हसू दे. ही रीत तातायची आहे, माझ्या वडिलांची, मी मोडणार नाही. चापाचं काम झालं की गिऱ्हाइकाने रिकामं पिस्तूल हातात धरायचं, आणि कारागिराने गिऱ्हाइकाच्या बोटावर आपलं बोट ठेवून दोघांनी मिळून चाप ओढायचा. माणूस कुठे बिचकतो, कुठे घाई करतो, ते तोंडाने कधी खरं सांगत नाही, बोट सांगतं. त्याप्रमाणे शेवटचा हात फिरवायचा. एका वर्षी तातायचा अंगठा कापला होता तेव्हा ते काम माझ्यावर आलं, आणि पहिलंच गिऱ्हाईक सेल्मो होता. मी बोट ठेवलं आणि त्याचं बोट जागच्या जागी थांबलं. चाप राहिला बाजूला. ताताय ओरडले, "झोपलात का दोघं?"

मग तो जहाजावर इंजिनात कामाला गेला. "येतो" म्हणाला होता. जनरल सांतोसमध्येच लग्न केलं. गेल्याच्या आदल्या वर्षी त्याची बायको वारली. मी फुलं पाठवली, मला खरंच वाईट वाटलं होतं. पण त्या दिवसापासून दारात कुणाचीही चाहूल लागली की मी केस सारखे करते, ते काही वाईट वाटल्यामुळे नाही. इथे लिहायला काय हरकत आहे. माझी वही कोण वाचतंय?

१५ फेब्रुवारी, बुधवार

पिस्तूल उघडलं. स्वच्छ आहे, माणसाने निगा राखलीय. चापाला दोरीने बाटली टांगली आणि थोडं थोडं पाणी ओतत गेले. घोडा पडला तिथे थांबून बाटली काट्यावर ठेवली. जितकं असायला हवं तितकंच वजन. पुन्हा केलं, तेच.

तातायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कान मांजराचे. आरामखुर्चीतूनच म्हणाले, "आण इकडे." कानाशी धरून चाप ओढला. पुन्हा ओढला. "काही खोट नाही यात. परत दे."

"तो म्हणतो कळायच्या आत सुटते."

"मग तो खोटं बोलतो, नाहीतर पिस्तूल. आणि पिस्तूल खोटं बोलत नाही."

मी काढून घेतलं त्यांच्या हातातून. त्यांचं काय जातंय परत दे म्हणायला! खोट आहे. सुटायच्या आधी चाप केसभर रांगतो, घसटत पुढे सरकतो. बारीक आहे, पण आहे. सेल्मोसारख्या माणसाला तेवढंही बोचणारच. त्याचं बोट किती हळवं होतं ते मला माहीत आहे, तातायना काय माहीत.

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आजपासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस. चर्चमधून कपाळावर राख लावून आले आणि तशीच कामाला बसले. मानांग विरिंग आली, तिच्याही कपाळाला राख आणि तोंडात सेल्मोच. फोनवर बोलताना त्याच्या हातावर गरम कॉफी सांडली म्हणे. "आणि याला पत्ताच नाही! बोलतोय आपला. मागून शेजारीण ओरडली तेव्हा बघितलं, तर हे एवढे फोड."

"कुणाशी बोलत होता?"

"माझ्याशी. तुझंच चाललं होतं, पिस्तुलाचं काय झालं, दोराय काय म्हणाली."

बाई गं. माझं नाव निघालं आणि माणसाला भाजलेलं कळलं नाही. एवढं मला आयुष्यात कुणी मानलेलं नाही. दिवसभर मी उगाच हसत होते. ताताय म्हणाले, राखेच्या बुधवारी एवढे दात दाखवू नयेत.

३ मार्च, शुक्रवार

त्याचा फोन आला. थेट मला.

आवाज जाड झालाय, पण "दोराय" म्हणायची लकब तीच, शेवटी थोडं लांबवून. मला आधी बोलताच येईना. मग एकदम पिस्तुलाबद्दलच बोलायला लागले, चाप रांगतो, खिट्टी घासते, स्प्रिंग बघावी लागेल. गधडी! इतक्या वर्षांनी माणूस फोन करतो आणि मी त्याला स्प्रिंग सांगते.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुझे हात अजून तेलकटच का गं?"

"मग काय अत्तराचे असणार?"

हसला. मग म्हणाला, "पूर्वी बरं होतं. तू बोट ठेवलंस की मला कळायचं, आता थांबायचं, आता ओढायचं. आता कळत नाही."

"मग ये ना. बोट लावल्याशिवाय मी देणारच नाहीये पिस्तूल."

"येतो," म्हणाला. "स्पर्धेच्या आधी येतो. खरंच येतो, दोराय."

फोन ठेवल्यावर लिंबू घेऊन हात घासले. नखांतलं काळं काही जात नाही. तो आला आणि राहतो म्हणाला, तर मी हो म्हणणार. जनरल सांतोसला चल म्हणाला, तरी हो म्हणणार. तातायचं काय करायचं ते नंतर बघू. हे मी आज ठरवलं आणि लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी पुन्हा स्प्रिंग सांगत बसायला नको.

११ मार्च, शनिवार

घोड्याला मागे अडवून धरते ती खिट्टी, नखाएवढी. तिची धार दगडावर दोन हात फिरवते, पुसते, बसवते, ओढून बघते, काढते. आठवडाभर हेच. रांगणं गेलं. आता सुकवलेल्या मासळीचं शेपूट मोडावं तसा चाप सुटतो, कट्, मधे काही नाही. मला तिथे थांबता आलं असतं.

नाही थांबले. अजून हलका केला. त्याचं बोट मला आठवतं ना, ते चापावर टेकायचं म्हणजे जवळजवळ टेकायचंच नाही.

ताताय म्हणतात, "एक चाप आणि एवढे दिवस! एवढ्यात मी पिस्तूल बनवलं असतं, विकलं असतं, ताडी पिऊन झोपलो असतो आणि तुझ्या आईच्या शिव्या खाऊन उठलोही असतो."

"म्हणूनच तुमचे चाप बैलगाडीसारखे होते."

"पण माझ्या चापाने कधी कुणाचा घात केला नाही," म्हणाले. उगाच काहीतरी बोलतात.

१८ मार्च, शनिवार

आज चूक झाली. माझी.

रिकामं पिस्तूल, वरचा भाग मागे ओढला आणि सोडला. तो धाडकन पुढे गेला आणि त्या धक्क्याने घोडा आपोआप खाली आला. मी चापाला हात लावलेला नसताना! गोळी भरलेली असती तर सुटली असती. एक सोडायला गेलं की पाठोपाठ दुसरी, आणि ती कुठे जाईल ते कुणी सांगावं.

ताताय आतून ओरडले, "दाय, पोरी! काय केलंस ते?" त्यांना आवाजावरून कळलं. खुर्चीतून उठून भिंतीला धरत आले, बाकावर चाचपडत खिट्टी उचलली, अंगठ्याच्या नखाने धार बघितली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला वाटलं आता हात उगारणार. पण हळूच म्हणाले, "हा चाप कुणासाठी करतेस? जो येणार आहे त्याच्यासाठी, की जो गेला त्याच्यासाठी?"

"तुम्ही गप्प बसा हो."

ते भिंतीला धरत खुर्चीकडे परत गेले. तेच जास्त लागलं. खरंच आहे त्यांचं. मी आठवणीतल्या बोटाच्या मापाने खिट्टी घासत होते. आमच्या या बंदूक-कारागिरांच्या गल्लीत असं कुणी केलं असतं तर मीच त्याला हसले असते.

नवी खिट्टी बसवली. या वेळी हलका, पण धरणारा. शंभरदा आपटून बघितलं, घोडा हलला नाही.

२७ मार्च, सोमवार

पिस्तूल तयार आहे. फक्त बोट राहिलंय.

केस रंगवले. ताताय नाकाने शोधत म्हणाले, "घरात कुणी डांबर उकळतंय का?" मानांग विरिंगने बघितलं आणि बसून राहिली, आज तिला बाजाराची घाई नव्हती. सेल्मोच्याच गमती सांगत होती. परवा म्हणे समुद्रावर फिरायला गेला, घरी आला तर एका पायात स्लिपर, दुसरा पाय उघडा. कुठे पडली ते ठाऊक नाही. रस्ताभर तसाच चालत आला. तिने आंबे पाठवायचं म्हटलं तर नको म्हणाला, आता खात नाही.

"सेल्मो आणि आंबा नको?"

"नाही खात गं आता," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "दोराय, तू फार काही मनात धरू नकोस हं. तो पहिला सेल्मो नाही."

"मी तरी कुठे पहिली आहे?" मी म्हणाले. "केसांवरून कळलंच असेल तुला."

उपासाचे दिवस आहेत, त्याने आंब्याचा नवस बोलला असेल. कशासाठी बोलला असेल? मला विचार करायला आवडतंय म्हणून मी करतेय. आणि एका स्लिपरवर घरी येणारा माणूस! कुणाच्या तंद्रीत असेल एवढा?

७ एप्रिल, गुड फ्रायडे

आज लोखंडाला हात लावायचा नाही. अख्ख्या गल्लीत कानस वाजत नाही, हातोडी वाजत नाही. आज जखम झाली तर ती भरून येत नाही म्हणतात. दुपारच्या मिरवणुकीला तातायना धरून नेलं, परत आणलं. मग काही करायलाच उरलं नाही.

मला तो हवा आहे. एवढंच आहे आज लिहायला. काम असलं की हे कामात जिरतं. आज कुठे जिरवू? घर, गल्ली, समुद्र, सगळं जागच्या जागी आहे आणि माझं कशातच लक्ष नाही. आजवर मी कधी असं म्हटलं नव्हतं, ताताय आहेत, काम आहे, चाललंय असंच म्हणत आले. लोकांनाही तेच सांगितलं. आता तो येतो म्हणाला आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. वय काय, चाललंय काय. लाज वाटते आणि बरंही वाटतं.

बुधवारी येणार आहे.

१२ एप्रिल, बुधवार

आला.

दार पूर्ण उघडं होतं तरी चौकटीवर टकटक केली. पोट सुटलंय, केस विरळ झालेत, बूट घातलेत. दानाओच्या उन्हात बूट! मी म्हटलं, "एवढा साहेब झालास?" तो म्हणाला, "आणि तू एवढी काळ्या केसांची?" ताताय खुर्चीतून म्हणाले, "ते डांबर आहे." तिघंही हसलो आणि सगळं सोपं झालं. मी घाबरले होते त्यातलं काहीच झालं नाही.

कॉफी प्यायली. मग मी पिस्तूल काढलं, रिकामं असल्याचं त्याला दाखवलं, तातायनाही बोट घालून बघायला लावलं. सेल्मोला भिंतीसमोर उभं केलं. समोर खडूचा ठिपका. गिऱ्हाइकाने ठिपक्याकडेच बघायचं, खाली हाताकडे बघायचं नाही, नाहीतर बोट नाटक करतं. मी मागे उभी राहिले. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता. हात पुढे नेला आणि त्याच्या बोटावर बोट ठेवलं.

तो शांत उभा. ठिपक्याकडे बघतोय. मी थांबले. त्याच्या बोटात काही हललं नाही. थोडा दाब दिला. तरी नाही.

मग तो म्हणाला, अगदी मायेने म्हणाला, "ठेव ना बोट. मी कधीचा वाट बघतोय."

माझं बोट तिथेच होतं.

मी म्हणाले, "थांब, ठेवते."

मग मीच दाबलं. त्याच्या बोटावरून मीच चाप ओढला. कट् वाजलं तसा तो खुश होऊन वळला. "वा! अगदी पहिल्यासारखा!" त्याने आवाज ऐकला होता.

"थोडं राहिलंय," मी म्हणाले. "उद्या ने."

तो गेल्यावर बाकाशी बसून राहिले. कॉफीचे फोड. स्लिपर. आंबा. बूट. विरिंगने सगळं माझ्या हातात आणून दिलं होतं आणि मी त्याची माळ करून गळ्यात घातली. त्याला साखरेचा आजार झालाय, त्यात हातापायांची जाणीव जाते, आमच्या गल्लीत दर चौथ्या घरात आहे, मला कळायला हवं होतं. गोळी कळायच्या आत सुटत नाही. त्याला कळतच नाही. आणि मी काय केलं, तर अशा माणसासाठी चाप हलका केला.

आता जड करूनही उपयोग नाही. ज्या बोटाला माझं बोट कळलं नाही, त्याला चाप काय कळणार? स्पर्धेत आजूबाजूला माणसं असतात. पिस्तूल द्यायचं नाही, हे मला माहीत आहे. पण दिलं तर तो पुढच्या वर्षीही येईल, चाप दाखवायला, बोट लावायला. नाही दिलं तर कशासाठी येईल? हेच एक कारण होतं आमच्यात. तातायना विचारलं नाही. ते काय म्हणतील ते माहीत आहे.

१३ एप्रिल, गुरुवार

सकाळी आला तो क्लबचा शर्ट घालूनच, पाठीवर त्याचं नाव छापलेलं. विरिंगने दिलेला तांदळाचा केक तातायच्या हातात दिला आणि बाकासमोर स्टुलावर बसला. "झालं?"

"हे तुला मिळणार नाही, सेल्मो."

त्याला थट्टा वाटली. "का गं? बोट तर लावलं काल."

"पिस्तुलात काही खोट नाही. पहिल्यापासून नव्हती. ताताय म्हणाले होते, मी ऐकलं नाही." मी ठरवलं होतं नीट, समजावून बोलायचं. तोंडातून एकदम निघालं, "तुझ्या बोटाला काही कळत नाही. तू नेम धरून उभा राहशील आणि कधी सुटली ते तुलाच कळणार नाही. कुणीतरी मरेल. मी नाही देणार."

त्याचा चेहरा पडला. मग रागावला. "विरिंगने सांगितलं ना? तिला तोंड बंद ठेवता येत नाही."

"तिने फक्त स्लिपर सांगितली. बाकी मी मूर्ख."

"पायाचं डॉक्टरला माहीत आहे. बोटांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. विरिंगलाही नाही. क्लबात सांगितलं तर संपलंच ना सगळं. बायको गेल्यावर तेवढंच उरलं होतं मला." तो स्टुलावर पुढे सरकला. "मग तुला कसं कळलं?"

"काल तू म्हणालास, ठेव ना बोट."

"मग?"

"ते ठेवलेलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. राग कुठे गेला कळलं नाही. "कधी ठेवलंस?"

"सगळा वेळ होतं," मी म्हणाले. आणि मग मला रडू आलं, त्याच्यासमोर, डांबर लावलेल्या केसांसकट. "तुला आता इथे यायला काही कारण नाही, ते मला माहीत आहे. तरी ये. चाप नको, पिस्तूल नको, असाच ये. मला तू हवा आहेस. घे, सांगून टाकलं."

खाली मान घालून बसला होता. मग उजवा हात उचलून माझ्यापुढे बाकावर ठेवला, पालथा, तेलाच्या डागावर, बोटं पसरून.

"आता ठेव," म्हणाला. "या वेळी मी बघतो."

मी ठेवलं. तो बघत होता. आतून ताताय केक खात विचारत होते, "दाय, दिलंस का पिस्तूल?" आणि मी बोट उचललं नाही.